जहाजाच्या मॉडेलचा कणा वाकलाय, तसाच ठेवून फळ्या लावल्या तर चालेल का?

नाही. १:६४ च्या फ्रिगेटचे (जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजाचे) पाच बल्कहेड, म्हणजे कण्याच्या खाचांत आडवे बसणारे फासळ्यांसारखे तुकडे, चिकटवून झालेत आणि आता वरून बघितलं तर प्लायचा कणा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तीनेक मिलिमीटर डावीकडे गेलेला दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. फळ्या लावल्याने हा बाक झाकला जात नाही, कायमचा होऊन बसतो. माझ्या पहिल्या जहाजात मी तो तसाच सोडला होता. तिन्ही डोलकाठ्या उभ्या केल्यावर समोरून त्या एकीमागे एक लपायला हव्यात, पण माझी शेवटची काठी बाजूला डोकावत होती. तोवर आठ महिने गेले होते आणि मला फार वाईट वाटलं होतं. तुम्हाला हे आत्ताच दिसलंय, तेव्हा बल्कहेड काढाच.

साधा पांढरा फेविकॉल वापरला असेल तर सांध्यावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बल्कहेड हलक्या हाताने डोलवत वर ओढा. जोर लावू नका, खाचेच्या कडेचा प्लाय तुटतो. एकदा सोडून भागलं नाही तर दोन-तीनदा सोडा. वॉटरप्रूफ प्रकारचा असेल तर तो इतका सहज सुटत नाही, सुटलाच नाही तर बारीक करवतीने सांधा कापावा लागेल.

बाक कुठून आला तेही बघा. पावसाळ्यात आपल्याकडे प्लाय दमट हवा ओढून घेतो, हे एक कारण. पण पाच बल्कहेड लावल्यानंतर बाक दिसला, म्हणजे मला खाचांचा जास्त संशय येतो. खाच घट्ट असताना बल्कहेड ठोकून बसवला की तो पाचरीसारखं काम करतो. प्रत्येक पाचर कणा केसभर ताणते आणि पाच खाचांचा ताण एकत्र येऊन कणा वळतो. बल्कहेड नुसत्या अंगठ्याच्या दाबाने खाली गेला पाहिजे. जात नसेल तर खाच कानशीने उघडा, सैल झाली तर कागदाची पट्टी घाला. लेसरने कापताना जळलेली काळी कडही खाचेपुरती घासून काढा, तिच्यावर गोंद नीट धरत नाही.

कणा सरळ करायला त्याची आतल्या वळणाची, म्हणजे खोलगट बाजू ओल्या फडक्याने पुसा. ती बाजू फुगते आणि बाक उलगडतो. मग सपाट पृष्ठभागावर वजनाखाली पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. मी किचन ओट्याचे ग्रॅनाइटचे दोन उरलेले तुकडे वापरतो, त्यांच्याइतकं सपाट घरात दुसरं काही मिळत नाही. पावसात दोन दिवस तरी द्या.

बल्कहेड परत लावण्याआधी कण्याच्या मागच्या भागाची जाडी कमी करून घ्या. नंतर तिथे हात जात नाही. फळ्या लावल्यावर तिथली एकूण जाडी मागच्या खांबाइतकीच (कण्याच्या मागच्या टोकाला उभा असतो तो) व्हायला हवी. हिशोब सोपा आहे: कणा ५ मिमी, फळ्यांचा पहिला थर १.५ आणि दुसरा ०.५, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ४ मिमी. मागचा खांब ५ मिमीचाच असेल तर त्याच्याजवळ कणा १ मिमी उरायला हवा.

आता कणा अॅल्युमिनियमच्या दोन अँगलमध्ये उभा पकडा आणि आधी सगळे बल्कहेड गोंदाशिवाय बसवून बघा. प्रत्येकाला गुण्या लावा. गुण्या उभा काटकोन दाखवतो, पण बल्कहेड आडवा फिरलाय का हे मला दोऱ्याने जास्त नीट कळतं. नाळेवर मध्यरेषेत टाचणी रोवा, तिथून दोरा बल्कहेडच्या डाव्या टोकापर्यंत आणि मग उजव्या टोकापर्यंत ताणा. दोन्ही लांबी सारखी हवी. खऱ्या गोदीतही फासळ्या अशाच जुळवत. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेलं ट्रिंकोमाली हे फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तुमचं फ्रिगेट त्याच जातीचं आहे, म्हणून दोऱ्याची ही पद्धत वापरायला मला विशेष आवडते.

जुळलं की मधल्या बल्कहेडपासून सुरुवात करून एकदा पुढचा, एकदा मागचा असे चिकटवत जा. दोन बल्कहेडच्या मध्ये अचूक मापाचे ठोकळे बसवा, त्यांनीच सांगाडा कुलूपबंद होतो. नाळेशी आणि पिछाडीला भरीव लाकूड भरा. तिथे फळी सर्वांत जास्त वळते आणि तिला टेकायला जागा लागते.

शेवटी बल्कहेडच्या कडा उतरवायच्या, म्हणजे फळीच्या वळणाप्रमाणे तिरप्या घासायच्या. पॉलिश पेपर लवचीक पट्टीला चिकटवा, पट्टी एका वेळी तीन बल्कहेडवर फिरेल इतकी लांब ठेवा. पुढच्या बल्कहेडची पुढची कड आणि मागच्यांची मागची कड घासायची. मध्याकडची काळी कड तशीच राहू द्या, ती पुसली म्हणजे जास्त गेलं. मधूनमधून फळीची एक पट्टी सांगाड्यावर हाताने वाकवून धरा. ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे फट दिसली तर तिथे पातळ पट्टी चिकटवून उंच करा, कुठे पट्टी उचलली जात असेल तर तेवढंच घासा. या कामाला मला चार संध्याकाळी लागतात. कण्याला पुन्हा वजनाखालून काढाल तेव्हा वरून फोटो काढून इथे टाका, खाचांचाही एक जवळून.