सव्वा महिन्यानंतरचं रडणं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

'बाळ मांडीवर दिलं तरी सगळ्या म्हणतात तसं काही दाटून आलं नाही, माझंच काही चुकतंय का?' असं विचारलंस. अगं, बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी झाली माझी. बाळ दिसताच डोळे भरून येणाऱ्या पाहिल्या, तशा 'आधी मला झोपू द्या' म्हणत कूस बदलणाऱ्याही पाहिल्या. माया बऱ्याचदा सहवासाने लागते. शी-शू आणि जागरणं करता करता.

पाजणंही शिकावंच लागतं. बाळाचं तोंड मोठं उघडू दे, हनुवटी छातीला टेकू दे. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडात जायला हवा. नाहीतर तुला चिरा पडतात आणि त्याचं पोट भरत नाही. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नकोस. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहाएक लंगोट ओले होतात ना, ते बघ. घरात कुणी वरचं दूध सुचवेल, कुणी गुटी उगाळेल. सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नको. डिंकाचे लाडू मात्र खुशाल खा, मालिश करून घे. बंद खोलीत शेगडीचा धूर तेवढा करू देऊ नकोस.

बाळं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त रडतात, पुढे कमी होतं. म्हणजे नेमका सव्वा महिना सरतो, मदतीला आलेली माणसं पांगतात, तेव्हाच! म्हणून नवऱ्याला आत्तापासून लंगोट बदलायला लाव. 'त्याला जमत नाही' हे ऐकून घेऊ नकोस, तुलाही कुठे जमत होतं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं उगाचचं रडू पंधरवड्यात ओसरतं. ओसरलं नाही, किंवा बाळ झोपूनही तुझा डोळा लागत नसेल, तर डॉक्टरांना सांग. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, घरच्या कुणालातरी सोबत घेऊन जा. हा आजार आहे, उपचाराने बरा होतो. पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत.

आणि रजेचं. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवड्यांची आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोयही कायद्याने द्यावी लागते. ऑफिसला आत्ताच लेखी विचार, तोंडी 'बघू' वर राहू नकोस.

तुझी,
मावशी