अर्धा महिना पुण्यात, अर्धा कुळागरात : माझा हक्क कमी होतो का?

प्रश्न : माझं माहेर गोव्यात फोंडा तालुक्यातलं. बाबा २०२१ मध्ये गेले. आई तिथेच असते. घराला लागून कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे आणि खाली एक भातशेत. आम्ही दोनच भावंडं. भाऊ मडगावला नोकरी करतो. माझं लग्न फोंड्यालाच सिव्हिल नोंदणी करून झालं, आधी मालमत्तेबद्दल कसला करार केला नव्हता. नवरा आणि मुलगा पुण्यात असतात. ऑफिसने घरून कामाची मुभा दिल्यापासून मी अर्धा महिना गावी येते, कुळागर मीच बघते. शेत २०१४ च्या पावसाळ्यापासून शेजारचे काका करतात, कापणी झाली की अर्धं भात आईला आणून देतात. कागद काहीच नाही. आता ते म्हणतात, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, माझं नाव लावा, म्हणजे मला कृषी खात्याचं कृषी कार्ड काढता येईल. गावात सगळे सांगतात की बारा वर्षं झाली की शेत त्याचंच. भाऊ म्हणतो, तू पुण्याची झालीस, शेतावरचा हक्क सोडून दे, कुळागरातला वाटा तुझा राहील. त्यागपत्राचा मसुदाही त्याने पाठवलाय. त्याला शेत विकायचं आहे. मला मात्र शेताच्या कडेला लहानसं घर बांधून पुढे तिथेच राहायचं आहे. मतदान अजून गावातच आहे. काय करू?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. भावाने पाठवलेल्या त्यागपत्रावर सही करू नका. बाकीचं सावकाश बघता येईल, पण ही सही एकदा झाली की मागे घेणं फार अवघड आहे.

कारण सांगते. गोव्यात वारसाहक्क सोडायचा तर तो विशेष नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, जाहीर दस्ताने सोडावा लागतो. आणि तो तुकड्याने सोडता येत नाही. 'शेतातला हक्क सोडला, कुळागरातला ठेवला' असं त्यागपत्र आपल्या कायद्याला मान्य नाही. वारसा घेतला तर पूर्ण, सोडला तरी पूर्ण, आणि त्याला अटही जोडता येत नाही. भावाच्या मनात वाईट असेलच असं मी म्हणत नाही. उर्वरित भारतात एखाद्या मिळकतीपुरतं हक्कसोडपत्र सर्रास होतं, तोच नमुना कोणीतरी त्याला दिला असेल. पण गोव्यात त्या सहीने शेत, कुळागर आणि घर, तिन्ही ठिकाणचा तुमचा वारसा एकदम जाऊ शकतो. कुळागर तुमचं राहील हा त्याचा तोंडी शब्द कितीही खरा असला, तरी दस्तात त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या नवऱ्याची. लग्नाआधी करार नसल्यामुळे तुमच्या दोघांची मालमत्ता सामाईक आहे. वारशाने तुम्हाला जे मिळेल त्यात त्यांचाही निम्मा भाग येतो. त्यामुळे हक्क सोडताना, विकताना, वाटणी करताना त्यांचीही सही लागेल. भावाच्या मसुद्यात त्यांचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर तो मसुदा गोव्याचा कायदा जाणणाऱ्याने केलेला नाही, एवढं नक्की.

आता पुण्याबद्दल. पुण्यात राहिल्याने तुमचा वाटा एका पैशानेही कमी होत नाही. तुमच्या आईबाबांच्या लग्नातही वेगळा करार नसेल, तर सगळ्याचा अर्धा भाग आईचा स्वतःचाच आहे, तो तिला वारशाने मिळालेला नाही. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि भाऊ सारखे. म्हणजे आईचे आठ आणे, तुमचे चार, भावाचे चार. मुलगी लग्न होऊन गेली, परगावी राहिली, याने इथे काही बदलत नाही. बाबांचं कायमचं ठिकाण गोवा होतं, तेव्हा त्यांच्या नावावर पुण्या-मुंबईत एखादी खोली असती तरी तीही याच नियमाने वाटली गेली असती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या माणसाच्या राज्याबाहेरच्या मिळकतीबद्दल तसा निकाल दिला आहे. भाऊ घराजवळ राहतो आणि तुम्ही लांब, म्हणून तो एकटा मालक होत नाही. सहवारसाचा ताबा हा सगळ्या वारसांच्या वतीने धरला जातो. उघडपणे तुमचा हक्क नाकारून तो वर्षानुवर्षं बसला तर गोष्ट वेगळी, पण तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही.

खरी काळजी शेताची आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

बारा वर्षांची गोष्ट गावोगाव ऐकू येते आणि लोकांची झोप उडवते. कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे, पण ती मालकाच्या विरोधात, उघडपणे, आपलाच हक्क म्हणून धरलेल्या ताब्याची. तुमचे काका तुमच्या आईवडिलांच्या परवानगीने शेतात उतरले आणि दर वर्षी अर्धं भात आणून देतात. याचाच अर्थ ते आईला मालक मानतात. अशा ताब्याला बारा काय, वीस वर्षं झाली तरी केवळ काळ लोटला म्हणून शेत त्यांचं होत नाही.

पण कूळ कायदा ही वेगळी बाब आहे. गोव्याचा कृषी कूळ कायदा १९६४ चा, आणि त्यातली पाचवी दुरुस्ती १९७६ ची. २० एप्रिल १९७६ हा कसणाऱ्यांचा दिवस ठरला आणि त्या दिवशी जो कूळ होता तो जमिनीचा खरेदीदार मानला गेला. १ जुलै १९६२ नंतर आणि ही दुरुस्ती येण्याआधी दुसऱ्याची जमीन जो कायदेशीररीत्या कसत होता, त्यालाही कायदा कूळ मानतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा, की २०१४ च्या आधी, सत्तरच्या दशकात, हे शेत कोण करत होतं? आईला विचारा. काकांचे वडील करत होते का? जुन्या सर्व्हेचे कागद काढा आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा. तिथे त्यांच्या वडिलांचं नाव सापडलं, तर सगळं चित्र फिरतं. मग शेत मुळात त्यांचं ठरू शकतं, आणि अशा वेळी माझा सल्ला भांडा असा नसेल. तो रकाना कोरा असेल आणि त्या काळात तुमचे आजोबा किंवा बाबाच शेत करत असतील, तर काका १९७६ च्या तरतुदीचा आधार घेऊ शकत नाहीत.

तरीही आजची व्यवस्था आहे तशी चालू ठेवू नका. कोणी आजही जमीन खंडाने किंवा पिकाच्या वाट्याने कसायला दिली, तर कुळाचा दावा उभा राहू शकतो. मालक 'स्वतः कसतो' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या कष्टाने, नाहीतर स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून. मजुरी रोख द्या किंवा धान्यात द्या, दोन्ही चालतं. पिकाचा वाटा मात्र चालत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय. पीक काकांच्या खळ्यावर जातं, तिथे मळलं जातं, आणि अर्धं भात आईकडे येतं. उद्या मामलेदारांसमोर हे पोतं खंड म्हणून मांडलं जाईल.

म्हणून भाताची दिशा बदला. पुढच्या हंगामापासून पीक आईच्या अंगणात येऊ दे. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं आईच्या नावाने घ्या आणि पावत्या जपा. काकांना नांगरणी, लावणी, कापणी यांची मजुरी ठरवून द्या, रोख किंवा ठरावीक मापाचं भात, पीक कितीही येवो. हे साध्या भाषेत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मजुरी बँकेतून दिली तर उत्तम. आणि तुम्ही गावी असता तेव्हा शेतात जा, खर्चाची वही ठेवा. देखरेख करायला बारा महिने तिथेच राहावं लागतं असं नाही, पण देखरेख झाली हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी तुमचं अर्ध्या महिन्याचं येणं-जाणं उपयोगी पडेल, जर त्याची कुठेतरी नोंद राहिली तर.

उताऱ्यावर काकांचं नाव लावण्याबद्दल स्पष्ट सांगते. लावू देऊ नका. एक-चौदाच्या उताऱ्यात एका भागात कब्जेदार, कूळ, इतर हक्क, आणि दुसऱ्या भागात वर्षवार पीक व कसणाऱ्याचं नाव असतं. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी मानली जाते. एकदा ती झाली की ती खोटी ठरवण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

पण काकांची गरज खरी असणार, हे विसरू नका. भाताची आधारभूत किंमत आणि कृषी खात्याच्या योजना कृषी कार्डाशिवाय मिळत नाहीत, आणि राबतात ते. तुमचे बाबा थकल्यावर ते शेत पडीक राहिलं असतं. आपल्याकडे किती शेतं तशी गवताखाली गेलीत ते तुम्ही येता-जाता पाहताच. तेव्हा कृषी कार्ड आईच्या नावाने विभागीय कृषी कार्यालयातून काढा, आधारभूत किमतीचे पैसे आईच्या खात्यात येऊ द्या, आणि त्यातून काकांची मजुरी वाढवा. हे त्यांना वकिलाच्या नोटिशीने कळवू नका. आईला सोबत घेऊन त्यांच्या घरी जा आणि तोंडी सांगा. माझ्या अनुभवात अशी निम्मी प्रकरणं कोर्टात येतात ती जमिनीपेक्षा अपमानामुळे.

शेत विकण्याच्या गोष्टीत भावालाही सावध करा. वाटणी झालेली नसताना तो एकटा शेत विकू शकत नाही. शिवाय २०२३ च्या कायद्याने गोव्यातली भातशेती शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करण्यावर बंदी आणली आहे. कोणी दिल्ली-मुंबईचा ग्राहक मोठी रक्कम दाखवत असेल, तर तो व्यवहार कायद्यात बसत नाही, हे भावाला आजच समजलेलं बरं.

तुमच्या घराबद्दलही मन घट्ट करून ऐका. भातशेतात घर होणार नाही. सखल जमिनीत भर टाकायलाच नगरनियोजन खात्याची परवानगी लागते आणि बांधकामाला रूपांतराची सनद. शेत कुळाकडे गेलेलं निघालं, तर १९९१ च्या भूवापर कायद्याने तिथे शेतीशिवाय दुसरं काहीच करता येत नाही. फार्महाऊस म्हणाल तर किमान ४००० चौरस मीटर जमीन हवी, आणि ती कोणत्या झोनमध्ये आहे तेही पाहावं लागतं. माझं मत विचाराल तर आईचं जुनं घर दुरुस्त करा, मागच्या पडवीला एक खोली नीट करून घ्या. पंचायतीकडून दुरुस्तीची परवानगी मिळवणं यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि आईलाही सोबत होईल.

मतदानाचं थोडक्यात. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. पुण्यातही नोंदवलं असेल तर एक ताबडतोब कमी करा, कारण खोटी माहिती देऊन नाव नोंदवणं हा गुन्हा आहे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर गेलं म्हणून रहिवास संपतही नाही. तुमच्या बाबतीत अर्धा महिना प्रत्यक्ष गावात राहणं आणि पुढे तिथेच राहायचा इरादा, दोन्ही आहे. गावातलं नाव ठेवायला मला अडचण दिसत नाही. मतदानाचा आणि वारशाचा मात्र काही संबंध नाही.

आता वाटणी. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कागद त्यांच्याच नावावर आहेत असं दिसतं. तिघांचं जमत असेल तर विशेष नोटरीकडे बाबांचे वारस कोण हे सांगणारा दस्त करा आणि मग वाटणीचा दस्त. त्यात शेत भावाला आणि कुळागर तुम्हाला असं ठरवता येईल, किंमतीचा फरक पैशाने भरून काढता येईल. भावाला जे हवं होतं ते त्यागपत्राने नव्हे तर या रस्त्याने होतं. जमलं नाही तर फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचं प्रकरण, दाखल करावी लागेल. तिथे सगळ्या मिळकतीची यादी आणि किंमत होते, कारभार साधारणपणे हयात जोडीदाराकडे, म्हणजे आईकडे जातो, आणि वारसांमध्ये बोली लागू शकते. पुण्याच्या पगारावर तुम्ही कुळागरासाठी भावापेक्षा चढी बोली लावू शकाल. पण मडगावहून तोही कोणाचा तरी पैसा आणून बोलू शकतो, आणि एकदा बोली चढली की बहीण-भावाचं बोलणं बंद होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आई आहे तोवर समझोत्याने वाटणी करून घ्या.

त्या आधी आईच्या अर्ध्या भागाबद्दल एक खबरदारी घ्या. आई तो भाग एका मुलाला विकू म्हणाली तर दुसऱ्याची संमती लागते, आणि मृत्युपत्राने ती स्वतःच्या भागाच्या निम्म्यापलीकडे मन मानेल तसं देऊ शकत नाही, कारण उरलेला निम्मा तुम्हा मुलांसाठी राखीव असतो. तेव्हा कोणी घाईने तिचा अंगठा किंवा सही घ्यायला आलं तर तिने आधी तुम्हाला फोन करावा, एवढं तिला सांगून ठेवा.

पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा तीन कागद काढून ठेवा : शेताचा आणि कुळागराचा आजचा एक-चौदाचा उतारा, सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेची नक्कल, आणि आईबाबांच्या लग्नाची नोंद. भावाला मसुद्याचं उत्तर द्यायचंच असेल तर इतकंच कळवा, की सही करण्याआधी आपण तिघं बसून वाटणीबद्दल बोलू.