दिग्दर्शकांच्या आठवणी रेकॉर्ड करताना

प्रश्न : आणीबाणी आणि गिरणी संपाच्या काळाबद्दल एका ज्येष्ठ दिग्दर्शकांची मुलाखत त्यांच्या नौपाड्यातल्या घरी रेकॉर्ड करायची आहे. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पंखा आधी बंद करा, त्याची घरघर नंतर पूर्ण निघत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सदऱ्याला घासणार नाही असा लावा. मुख्य म्हणजे, ‘तो काळ कसा होता?’ असं विचारूच नका, पाठ झालेलं भाषण ऐकावं लागेल. त्यांच्याच चित्रपटाची जुनी संहिता पुढे ठेवा, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून ‘ही का काढली?’ विचारा. मग बोलणं सुटतं. तारखांची हमखास सरमिसळ होते : आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, संप १८ जानेवारी १९८२ पासून. मध्येच टोकू नका. शेवटी विचारून घ्या.