रोज चड्डी खराब होते, तरीही बद्धकोष्ठता?

"दिवसातून दोन-तीनदा त्याची चड्डी खराब होते, म्हणजे पोट सतत बिघडलेलेच ना?" असे पाच वर्षांच्या मुलाच्या आईने विचारले. वडिलांना मात्र तो हे मुद्दाम करतो असे वाटत होते आणि त्यावरून घरात रोज रागावणे चालले होते.

मी त्यांना दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. शी झाली की नाही एवढेच न लिहिता वेळ, दुखले का, त्याआधी मूल कसे वागत होते आणि मळ कसा होता, हेही त्यांना नोंदवायचे होते. मळासाठी मी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता दिला. त्यातील ७ प्रकारांपैकी पहिला सुट्या कठीण खड्यांचा, तर सातवा पूर्ण पातळ असतो.

वहीत १४ दिवसांत संडासात बसून झालेली शी फक्त ३ वेळा होती, तीही कठीण आणि रडत झालेली. बाकी सगळे चड्डीवरचे पातळ डाग होते. समासात आईने लिहिले होते, "पडद्यामागे पाय आवळून उभा राहतो." मला सर्वांत उपयोगी पडली ती हीच ओळ. एकदा दुखले की मूल शी रोखून धरते, साठलेल्या मळातील पाणी आतडे शोषत राहते, तो आणखी कठीण होतो, गुदाशय ताणला जाऊन शी आल्याची जाणीव बोथट होते आणि त्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो.

"म्हणजे त्याला कळतच नाही?" वडिलांनी विचारले. बहुतेक वेळा नाही, असे मी सांगितले.

उपचार ठरवणे माझे काम नव्हे, म्हणून मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. (मळात रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा वजन घटणे दिसले, तर वही भरत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.) बालरोगतज्ज्ञांनी मळ मऊ करणारे औषध सुरू केले. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा पायांखाली पाट देऊन त्याला ५ ते १० मिनिटे बसवायचे आणि शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्यायची, हे आम्ही ठरवले. रोज शी व्हायलाच हवी, हा आग्रहही मी सोडायला लावला. मऊ आणि न दुखता होत असेल, तर एक दिवसाआड झालेलीही चालते.

तीन महिन्यांनी डाग आठवड्यातून एखादाच राहिला होता. औषध चालूच आहे, आणि वहीत शाबासकीची चांदणी आता तो स्वतः काढतो.