मालदीवला जा, पण पंधरा लाखांचं खातं मोडून नको

प्रश्न: मी ६३ वर्षांची, अनुदानित शाळेतून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेली शिक्षिका. कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज नाही. पेन्शन ४६,००० रुपये, घरखर्च साधारण ३२,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख (सोळा महिन्यांपूर्वी ठेवलेले), बँकेत ९ लाखांच्या एफडी. त्यातल्या ४ लाखांच्या एफडीची मुदत जानेवारीत संपते. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. धाकट्या बहिणीबरोबर मालदीवला, पाण्यावरच्या व्हिलात पाच रात्री राहायची फार इच्छा आहे. एजंटने ख्रिसमसच्या आठवड्यासाठी माणशी ३ लाख २० हजार सांगितले, 'टॅक्स वेगळा'. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम भरली तर सवलत. बचत योजनेचं खातं बंद करून भरू का? मुलगा म्हणतो, या वयात हा वेडेपणा. त्यापेक्षा नातवाच्या नावावर टाक.

उत्तर: ताई, आधी मुलाच्या मुद्द्याचं बघू, कारण तुमच्या पत्रात खरा अडकलेला काटा तोच दिसतो. खर्च जाऊन पेन्शनमधले १४,००० उरतात. बचत योजनेचं व्याज ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर. एफडीचं व्याज मी धरलेलंच नाही, तरी महिना २४,००० शिल्लक आहे. तुमच्या वाट्याचे साडेतीन लाख गेले तरी सव्वा वर्षात भरून निघतील. डोक्यावर कर्ज नाही, पेन्शन तहहयात. याला वेडेपणा म्हणायला माझी तयारी नाही. नातवासाठी काही करायचं असेल तर दोन्हीकडची नामनिर्देशनं तपासा. यजमान गेल्यावर ती बदलायची राहून गेलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत.

पण पैसा कुठून काढायचा, यात तुमची चूक होते आहे. या योजनेच्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. बंद करायचं तर अख्खं खातं. एक वर्ष झालं पण दोन झाली नाहीत, तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. १५ लाखांवर २२,५०० रुपये. म्हणजे तीन-साडेतीन लाखांची गरज भागवायला पंधरा लाखांचं खातं मोडायचं आणि वर दंड भरायचा. जानेवारीत ४ लाख आपोआप हातात येणारच आहेत. एजंटची सवलत या २२,५०० पेक्षा किती जास्त आहे, हे त्याने सांगितलंय का?

शिवाय ख्रिसमस ते नवीन वर्ष हा तिथला सगळ्यात महाग काळ. बऱ्याच रिसॉर्टांत त्या रात्रींच्या जेवणाचे सक्तीचे वेगळे पैसे लावतात. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल असतो, तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये गेलात तरी लगून, म्हणजे बेटाभोवतीचं उथळ, शांत पाणी, तितकंच निळं असणार. तोवर एफडीचे पैसेही आलेले असतील. राहिलेले ५ लाख अडीअडचणीला. त्यांना हात लावू नका.

आता ते 'टॅक्स वेगळा'. एजंट मंडळी याला 'प्लस प्लस' म्हणतात. खोलीच्या भाड्यावर १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर मालदीवचा पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. ४०० डॉलरची रात्र अशी जवळपास ५१५ ला पडते. शिवाय हरित कर, रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर. दोघींचे पाच रात्रींचे १२०. म्हणून सगळे कर धरून रुपयांत आकडा मागा. तो माणशी साडेतीन लाखांच्या पुढे गेला तर रिसॉर्ट बदला.

दुसरी मेख विमानाची. लांबच्या रिसॉर्टला माले विमानतळावरून सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावं लागतं आणि ती फक्त उजेडात उडतात. मुंबईहून दुपारचं विमान दिलं असेल तर तुम्ही संध्याकाळी पोचणार, पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात जाणार आणि ती पाचांतलीच एक मोजली जाणार. मुंबईहून सकाळचं विमान घ्या, आदल्या रात्री मुंबईतच कुणाकडे तरी मुक्काम करा. मध्यरात्री घाट उतरत बसू नका. स्पीडबोटने पोचता येईल असं जवळचं बेट मिळालं, तर सी-प्लेनचा मोठा खर्च वाचतो. वरून दिसणारी प्रवाळांची कंकणं मात्र हुकतात. तेवढ्यासाठी पैसे घालवणार असाल तर मी अडवणार नाही.

पाचही रात्री पाण्यावर कशाला? तीन किनाऱ्यावरच्या व्हिलात, दोन पाण्यावर. बरीच रिसॉर्टं असं करून देतात. पाण्यावरच्या व्हिला लांब लाकडी पुलाच्या टोकाला असतात, लगूनमध्ये उतरायला शिडी असते. गुडघ्यांना विचारून ठरवा. या व्हिला वाळूच्या उथळ तळावर बांधतात, त्यामुळे रंग अप्रतिम दिसतो, पण रंगीत मासे दाराशी असतीलच असं नाही. मासे असतात ते बेटाजवळच्या प्रवाळांत, त्याला 'हाउस रीफ' म्हणतात. 'हाउस रीफ किनाऱ्यापासून किती लांब?' हे विचारा, नाहीतर दर वेळी बोटीचे पैसे.

पुण्यात हे बोललात की कुणीतरी 'त्यापेक्षा लक्षद्वीप करा' म्हणणारच. तिथल्या बंगारम बेटाचं लगून खरंच तोडीस तोड आहे. गंमत अशी की आपल्याच लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो, आणि मालदीवचा व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो. पण तुमची इच्छा पाण्यावरच्या घराची आहे. तिला पर्याय देऊन उगाच दुधाची तहान ताकावर कशाला?

परदेश दौऱ्याच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारला भरायचा आयकर, लागतो. त्याचा दर बदलत आला आहे, बुकिंगच्या दिवशीचा बघा. तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या सवलतीच्या आत असल्याने कर शून्य येईल, म्हणजे हा पैसा पूर्ण परत मिळेल. मात्र रिटर्न भरलं तरच.

एका बाबतीत मी हट्टी आहे: प्रवास विमा. इथला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. रिसॉर्टवर दवाखाना असला तरी मोठं रुग्णालय मालेला, आणि रात्री सी-प्लेन नाही. रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात आहे ना ते पाहा, रक्तदाब-मधुमेह असेल तर अर्जात लिहा. दोघींचा विमा हातात येईपर्यंत एजंटला टोकन रकमेपलीकडे काही देऊ नका, आणि टोकन देतानाही तारीख बदलली तर ते परत मिळतं का, हे लिहून घ्या.