दक्षिण कोरिया इतक्या लवकर श्रीमंत कसा झाला आणि आता त्याच्यापुढे कोणतं संकट आहे?

१९५३ साली उत्तर कोरियाशी युद्ध थांबलं तेव्हा हा देश अमेरिकी मदतीवर जगत होता. १९६२ पासून लष्करी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांनी पंचवार्षिक योजना राबवल्या. निवडक उद्योगसमूहांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यात करून दाखवा या अटीवर. माझ्या मते खरी मेख या अटीत आहे. पोहांगचा पोलाद कारखानाच बघा. जागतिक बँकेने पैसे नाकारले, तेव्हा संबंध सुरळीत करण्याच्या १९६५ च्या करारानुसार जपानकडून मिळालेली रक्कम त्यात घातली आणि १९७३ मध्ये भट्टी पेटली. पुढे जहाजं आणि मोटारी त्याच पोलादावर उभ्या राहिल्या. अर्थात याची किंमत कामगारांनी हुकूमशाहीखाली मोजली, हे विसरून चालणार नाही. लोकशाही आली ती १९८७ च्या आंदोलनानंतर.

परराष्ट्र धोरणात मात्र कायम ओढाताण. संरक्षण अमेरिकेच्या भरवशावर, व्यापार सर्वात जास्त चीनशी. २०१७ मध्ये अमेरिकेची 'थाड' क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवली, तर चीनने सहली बंद केल्या आणि जिच्या जागेवर ती बसवली त्या लोट्टे या कोरियन कंपनीची चीनमधली दुकानंही बंद पाडली. शिवाय उत्तरेला अण्वस्त्रधारी शेजारी आहेच.

तरी मला सर्वात जास्त काळजी वाटते ती जन्मदराची. २०२३ मध्ये तो दर स्त्रीमागे ०.७२ मुलं इतका होता, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. महागडी घरं, शिकवण्यांचा खर्च, कामाचे लांबलचक तास आणि मूल झालं की बाईच्या नोकरीवर येणारी गदा, हे जोवर बदलत नाही तोवर नुसत्या अनुदानाने काही होणार नाही.