आउग्सबुर्गला एक दिवस जाणार असशील तर

म्युनिकहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचशील. सकाळी आधी फुगेराईच गाठ, गर्दी व्हायच्या आत. याकोब फुगर या श्रीमंत सावकाराने 1521 मध्ये गरजू लोकांसाठी स्थापन केलेली ही वस्ती. पिवळसर भिंती, वेली चढलेली दारं, आणि आत आजही माणसं राहतात. घरभाडं वर्षाला फक्त 88 सेंट, म्हणजे गुल्डन या जुन्या नाण्याएवढं. बदल्यात रोज तीन प्रार्थना. संगीतकार मोत्सार्टचे पणजोबा गवंडी होते, तेही इथेच राहत.

दारांपाशी थांब आणि घंटी ओढायच्या लोखंडी मुठी नीट बघ. एकीला तीन पानांचा आकार, दुसरी देवदाराच्या फळासारखी. गल्लीत दिवे नव्हते तेव्हा माणूस अंधारात हाताने चाचपून आपलं घर ओळखायचा. मला हे फार भावतं.

तिकीट काढून एक घर आतून बघता येतं, ते चुकवू नकोस. बाकीची घरं राहती आहेत, खिडक्यांतून डोकावू नकोस, फोटो काढतानाही भान ठेव. दुसऱ्या महायुद्धातलं भूमिगत आश्रयस्थानही बघ. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग पडला आणि पुन्हा उभारला.

दुपारी लेख नदीच्या पाण्यावरच्या कालव्यांच्या बाजूने जुन्या कारागिरांच्या भागात निवांत फीर. शहराची ही जलव्यवस्था 2019 पासून जागतिक वारसा आहे. रस्ते फरसबंद आहेत, बूट चांगले घाल.